द्राक्षाचा रिपोर्ट आहे, विहिरीचा नाही

नाशिकच्या गंगापूर नाक्यावरून पश्चिमेला निघाले की आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव, धरण आणि पुढे गिरणारे असा रस्ता जातो. नळाला धरणाचे पाणी असूनही उन्हाळ्याच्या भीतीने बोअर मारून ठेवलेल्या सोसायट्या या रस्त्यावर आहेत. विहिरीवर आणि शेततळ्यावर बाग जगवणारे द्राक्ष बागायतदार आहेत. आणि मधल्या वस्त्यांवर पिण्याचे पाणीही त्याच विहिरींचे आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक प्लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. तिथे शेकडो कीडनाशकांचे अंश शोधले जातात आणि ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर जागा नाही. त्याच बागेतल्या विहिरीचे पाणी मात्र तपासले गेलेच, तर टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू यांच्यापाशी तपासणी थांबते. खाणाऱ्यापर्यंत पोचणाऱ्या द्राक्षावर एवढी नजर असताना पिकवणाऱ्याच्या घरातल्या पाण्यावर ती नसावी, हे मला मान्य होत नाही. भूजलातली सेंद्रिय रसायने कशी मोजतात, आजवर कुठे काय सापडले आणि आपल्याकडे नेमकी अडचण कुठे आहे, याचा हा आढावा त्यासाठीच आहे.

सेंद्रिय म्हणजे इथे कार्बनवर बेतलेली रसायने: कीडनाशके, बुरशीनाशके, तणनाशके, पेट्रोलमधले बेंझीन आणि टोल्युइन, कारखान्यात सुटे भाग धुण्याचे क्लोरीनयुक्त द्रावक, आणि पाणी निर्जंतुक करताना तयार होणारा क्लोरोफॉर्म. चव, वास किंवा रंग यांवरून ती सहसा ओळखू येत नाहीत, कारण त्यांचे प्रमाणच अत्यल्प असते. युरोपात पिण्याच्या पाण्यात आणि भूजलात कुठल्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे, सगळ्यांची मिळून ०.५. एक कोटी लिटरच्या शेततळ्यात एक ग्रॅम औषध पूर्ण मिसळले तर हे ०.१ चे प्रमाण भरते. एवढे थोडे शोधायचे, शिवाय तेच रसायन आहे हे शपथेवर सांगता यायला हवे. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोडी, म्हणजे जीसी-एमएस, हे काम करते.

कातळातले पाणी

यंत्राकडे जाण्याआधी जमिनीकडे पाहावे लागते. नाशिकची जमीन बेसाल्टची आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या (सच्छिद्र खडक), कुठे काळा कातळ. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत, कातळाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. गाळाच्या मैदानात पाणी वाळूमातीतून सावकाश गाळले जाऊन खाली जाते. भेगेतून मात्र ते धावते, आणि मातीला काही धरून ठेवायला सवडच मिळत नाही. पहिल्या दमदार पावसानंतर उथळ विहिरींची पातळी काही दिवसांत वर येते ती यामुळेच. विहिरीत आडवे बोअर मारणारा माणूस नेमकी अशी भेग शोधत असतो, आणि ती सापडली की पाण्यासोबत त्या भेगेच्या दुसऱ्या टोकाला जे काही असेल तेही विहिरीशी जोडले जाते. एका बांधाच्या दोन बाजूंच्या दोन विहिरींचे रिपोर्ट इथे वेगळे येऊ शकतात. दहा किलोमीटरवर एक नमुना घेऊन नकाशा रंगवण्याची पद्धत गंगेच्या गाळात काही अंशी चालते, सह्याद्रीच्या पायथ्याशी ती फसवी ठरते.

सगळी औषधे सारखी झिरपत नाहीत. क्लोरपायरीफॉस मातीतल्या सेंद्रिय कणांना घट्ट चिकटते आणि बहुतांश वरच्या थरातच राहते. द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी वापरले जाणारे मेटालॅक्सिल लिटरभर पाण्यात सुमारे ८ ग्रॅम विरघळते आणि मातीला फारसे धरत नाही. १९८९ मध्ये गुस्टाफसन यांनी औषधाचे मातीतले अर्धायुष्य आणि त्याचा मातीला चिकटण्याचा गुण यांवरून एक साधा निर्देशांक मांडला. तो २.८ च्या वर गेला तर औषध भूजलात उतरण्याची शक्यता जास्त, १.८ च्या खाली राहिला तर कमी. भेगांच्या जमिनीत हा निर्देशांक पुरेसा नाही, पण काय शोधायचे हे ठरवायला पहिली चाळणी म्हणून उत्तम आहे.

झिरपण्याइतकीच, किंबहुना मला वाटते जास्त, महत्त्वाची वाट विहिरीच्या काठावरची आहे. फवारणीची टाकी विहिरीवरच भरतात. औषध तिथेच मोजतात, तिथेच कालवतात, फवारणीचा ब्लोअर तिथेच धुतात. पाइप टाकीत बुडालेला असताना वीज गेली तर टाकीतले मिश्रण उलटे विहिरीत ओढले जाऊ शकते. यात किती फरक पडतो, ते कागदावर करून पाहण्यासारखे आहे. मेटालॅक्सिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के असलेली पावडर लिटरला अडीच ग्रॅम घेतली, तर एक लिटर मिश्रणात ०.२ ग्रॅम मेटालॅक्सिल असते. वीस फूट व्यासाच्या विहिरीत सोळा फूट पाणी असेल तर ते साधारण १ लाख ४० हजार लिटर भरते. त्यात एक लिटर मिश्रण सांडले तर विहिरीतले प्रमाण लिटरला सुमारे १.४ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे युरोपच्या मर्यादेच्या चौदा पट. एकरभर बागेतून वर्षानुवर्षे झिरपून जे घडायचे, ते एका संध्याकाळी काठावर घडू शकते.

यंत्र काय करते

१९५२ साली ए. टी. जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी वायूच्या प्रवाहात मिश्रण वेगळे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच गॅस क्रोमॅटोग्राफी. चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या डाऊ केमिकलमध्ये रोलंड गोल्के आणि फ्रेड मॅक्लॅफर्टी यांनी तिला मास स्पेक्ट्रोमीटर जोडला. १९५७ च्या सुमारास जेम्स लव्हलॉक यांनी इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर, म्हणजे ईसीडी, तयार केला. क्लोरीन असलेल्या औषधांना तो इतका संवेदनशील होता की डीडीटीचे अंश जगभर सापडू लागले ते त्याच्यामुळे.

नमुना प्रयोगशाळेत आला की एक लिटर पाणी सी-१८ या पदार्थाच्या छोट्या नळीतून ओढतात, किंवा डायक्लोरोमिथेनसोबत हलवून त्यातली सेंद्रिय रसायने द्रावकात उतरवतात. मग नायट्रोजनच्या मंद झोतात द्रावक उडवून एक मिलिलिटर उरवतात. म्हणजे हजार पट घट्ट करणे झाले. त्यातला एक मायक्रोलिटर यंत्रात जातो. मूळ पाण्यात ०.१ मायक्रोग्रॅम औषध असेल, तर यंत्रात प्रत्यक्ष पोचतात १०० पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक अब्जाव्या भागाचा दहावा भाग. पुढे तीस मीटर लांबीची, पाव मिलिमीटर पोकळीची काचेची नळी गुंडाळी करून भट्टीत ठेवलेली असते. तिच्यातून हेलियम वाहतो आणि भट्टीचे तापमान पन्नास-साठ अंशांपासून तीनशेच्या आसपास चढत जाते. ज्याचे त्याचे उकळण्याचे आणि नळीच्या अस्तराला चिकटण्याचे गुण वेगळे, त्यामुळे प्रत्येक रसायन आपापल्या मिनिटाला बाहेर पडते.

नुसता ईसीडी लावला तर कागदावर फक्त एक शिखर उमटते: अमुक मिनिटाला काहीतरी आले. त्याच मिनिटाला दुसरेही काही येऊ शकते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये बाहेर पडलेल्या रेणूवर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचा मारा होतो, तो फुटतो आणि त्याच्या तुकड्यांची वजने मोजली जातात. मेटालॅक्सिलचा रेणू २७९ वजनाचा. फुटल्यावर त्याचे २०६, २४९ आणि १६० असे तुकडे दिसतात. क्लोरपायरीफॉसचे १९७, १९९ आणि ३१४. डीडीटीचा मोठा तुकडा २३५, आणि त्याच्या शेजारी २३७ वर त्याच्या साधारण दोन तृतीयांश उंचीचा दुसरा. हा शेजारी क्लोरीनमुळे येतो. निसर्गात क्लोरीन ३५ आणि ३७ अशा दोन वजनांचा, तीनास एक या प्रमाणात असतो, आणि या तुकड्यात क्लोरीनचे दोन अणू आहेत. ती उंची जुळली नाही तर वेळ जुळूनही ते डीडीटी नव्हे. ठरलेली वेळ, ठरलेले तुकडे आणि त्यांचे ठरलेले प्रमाण असे तिन्ही जमले तरच रसायनाचे नाव लिहायचे, ही शिस्त या यंत्राने आणली. आता ट्रिपल क्वाड्रुपोलमध्ये एक तुकडा निवडून तो पुन्हा फोडतात, त्यामुळे गढूळ नमुन्यातही ओळख पक्की राहते.

जगात आणि देशात काय सापडले

१९७४ मध्ये रॉटरडॅममध्ये योहानेस रूक यांनी दाखवले की क्लोरीन घातलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो. त्याच वर्षी अमेरिकेत टॉमस बेलर आणि जेम्स लिक्टेनबर्ग यांनी पाण्यातून वायू बुडबुडवून उडणारी रसायने पकडण्याची पद्धत मांडली. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यात विहिरींमध्ये डीबीसीपी सापडले. द्राक्षासह अनेक पिकांत सूत्रकृमी मारायला ते जमिनीत सोडत. हे औषध बनवणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळल्यामुळे कॅलिफोर्नियाने ते १९७७ मध्येच थांबवले होते. विहिरींतून ते पुढे कित्येक दशके निघत राहिले. द्राक्षाच्या प्रदेशाने लक्षात ठेवावी अशी ही हकिगत आहे. भूजलात गेलेले औषध वापर बंद केल्याच्या तारखेला थांबत नाही.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९२ ते २००१ या काळातले पाण्याचे नमुने एकत्र मांडले, तेव्हा शेतीच्या भागातल्या निम्म्याहून अधिक उथळ विहिरींत किमान एक कीडनाशक किंवा त्याचे विघटनजन्य रसायन मिळाले. शहरी वस्तीतल्या उथळ विहिरींतही निम्म्याहून अधिक ठिकाणी. आरोग्याची मर्यादा ओलांडणाऱ्या विहिरी मात्र थोड्या होत्या. युरोपात अ‍ॅट्राझिन भूजलात वारंवार ०.१ च्या वर सापडले आणि त्याचा परवाना गेला.

भारतात या विषयाला खरा धक्का २००३ साली बसला. फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने दिल्ली आणि मुंबईच्या बाजारातल्या बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन आणि क्लोरपायरीफॉस सापडल्याचे जाहीर केले. हे पाणी बहुतेक ठिकाणी कारखान्याच्या आवारातल्या बोअरचेच होते. ऑगस्टमध्ये शीतपेयांचे निकाल आले आणि संसदेची संयुक्त समिती नेमली गेली. अध्यक्ष होते शरद पवार. फेब्रुवारी २००४ च्या अहवालात समितीने शीतपेयांत कीडनाशके असल्याचा निष्कर्ष ग्राह्य धरला. ईसीडीच्या शिखरावर विसंबायचे की मास स्पेक्ट्रोमीटरची खात्री हवी, हा प्रश्न या वादात पुन्हा पुन्हा निघाला. बाटलीबंद पाण्याला युरोपसारखी ०.१ आणि ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा लागू झाली. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या आवाराबाहेरच्या बोअरच्या पाण्यात क्लोरीनयुक्त द्रावके आणि क्लोरोबेंझीन असल्याचे ग्रीनपीसच्या १९९९ च्या तपासणीत आणि पुढच्या इतर तपासण्यांत दिसले. १९८४ च्या वायूची बातमी झाली होती. पाण्यातले मोजल्याशिवाय कळणार नव्हते.

नाशिकपुरते बोलायचे तर या यंत्राची ओळख द्राक्षाने करून दिली. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षात मेथोमिल आणि अ‍ॅसिफेटचे अंश सापडले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातले सीसीसी, सापडल्यामुळे युरोपात कंटेनर अडकले आणि घराघराला फटका बसला. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा, निर्यात प्राधिकरण अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था, कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन काढलेला नमुना, अशी साखळी त्यातून पक्की झाली. आज गिरणाऱ्यापासून दिंडोरी-निफाडपर्यंत रेसिड्यू (अंश), एमआरएल (अंशांची कमाल मर्यादा), पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यांतले अंतर) हे शब्द कोणाला समजवावे लागत नाहीत. प्लॉट पास झाला की फेल, एवढे विचारले की पुरते. ही साखळी आपल्या शेतकऱ्यांनी नुकसान सोसून उभी केली आहे, आणि तिचा मला मनापासून अभिमान वाटतो.

यादीचा प्रश्न

पाण्याची अडचण यंत्रांच्या तुटवड्यापेक्षा जास्त यादीत आहे. जीसी-एमएस ठरवलेल्या रसायनांसाठी लावले जाते. यादीत नसलेले रसायन समोरून गेले तरी रिपोर्टमध्ये उतरत नाही.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती, कीडनाशकांच्या १८ नोंदी देते. त्यात डीडीटी आहे, ज्याचा शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबला. एचसीएच आहे, जुन्या शेतकऱ्यांची बीएचसी पावडर, जी १९९७ मध्ये बंद झाली. आल्ड्रिन-डिल्ड्रिन आहे. एंडोसल्फान २०११ मध्ये न्यायालयाने थांबवले, मिथाइल पॅराथिऑन २०१८ मध्ये आणि फोरेट व अलाक्लोर २०२० अखेर बाद झाले. जुनी नावे यादीत हवीतच, कारण ही रसायने दशकानुदशके टिकतात आणि गंगापूर रोडवर आज इमारती आहेत तिथे कालपर्यंत मळे होते. पण ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी, भुरी आणि थ्रिप्ससाठी जे मारले जाते, ते मेटालॅक्सिल, डायमेथोमॉर्फ, मायक्लोब्युटानिल, हेक्झाकोनॅझोल, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांपैकी काहीच या यादीत नाही. एखाद्या बागायतदाराने विहिरीचे पाणी या मानकाप्रमाणे तपासून घेतले आणि ‘कीडनाशके आढळली नाहीत’ असा कागद हातात आला, तर तो कागद खरा असूनही त्याच्या बागेतल्या औषधांविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही.

मर्यादांचीही तीच कथा. क्लोरपायरीफॉसला बाटलीबंद पाण्यात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात ३०. मॅलेथिऑनला १९०. मानकातले हे आकडे आरोग्याच्या हिशेबाने बांधले आहेत आणि ते चूक आहेत असे मी म्हणत नाही. पण ३० ची मर्यादा समोर ठेवून काम करणाऱ्या प्रयोगशाळेला अर्ध्या मायक्रोग्रॅमपर्यंत पोचायची गरज वाटत नाही, आणि मग दूषित व्हायला सुरुवात झालेली विहीर वर्षानुवर्षे ‘ठीक’ राहते.

सापडले म्हणजे विष, असेही नव्हे. वरच्या उदाहरणातले १.४ मायक्रोग्रॅमचे पाणी दिवसाला दोन लिटर पोटात गेले तर २.८ मायक्रोग्रॅम मेटालॅक्सिल जाते. साठ किलोच्या माणसाला आयुष्यभर रोज चालेल अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मानलेली मात्रा ४,८०० मायक्रोग्रॅम आहे. तिचा हजारावा हिस्साही इथे भरत नाही. युरोपची ०.१ ची रेघ १९८० च्या निर्देशातून आली. पाण्यात कीडनाशक नसावेच, हा तिच्यामागचा आग्रह आहे. म्हणून आकडा आला की घाबरण्याआधी वाट शोधावी: हे काठावरून आले की बागेतून? पण एका विहिरीत एकाच वेळी आठ-दहा औषधे थोडी थोडी असतील तर त्यांचा एकत्रित परिणाम काय, याला आजची मानके नीट उत्तर देत नाहीत, आणि लहान मुले तेच पाणी पितात.

सरकारी तपासणीत कीडनाशकांना जवळपास जागा नाही. केंद्रीय भूजल मंडळ प्रामुख्याने मे महिन्यात, पावसाआधी नमुने घेते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि जिल्हा-तालुका पातळीवर पाणी तपासणी प्रयोगशाळा चालवते. गावात जलसुरक्षक नमुना भरून पाठवतो. ही माणसे आणि ही वाट मोठी मोलाची आहे. तिने नायट्रेटचे वास्तव समोर आणले: केंद्रीय मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर होते आणि महाराष्ट्राचे प्रमाण त्याहून बरेच जास्त. शेतातले नायट्रेट ज्या भेगेतून विहिरीत उतरते, ती भेग औषधांना बंद नसते. म्हणून जिथे नायट्रेट जास्त, तिथे जीसी-एमएसचा पहिला नमुना घ्यावा.

बाटली आणि बर्फ

या मोजणीत सर्वांत जास्त चुका यंत्रापाशी होत नाहीत, विहिरीपाशी होतात. शीतपेयाची रिकामी प्लास्टिक बाटली विसळून त्यात पाणी भरून पाठवायची सवय सार्वत्रिक आहे. क्षारांच्या तपासणीला ती चालून जाते. इथे ती नमुनाच बिघडवते. प्लास्टिकमधले थॅलेट पाण्यात उतरतात आणि यंत्रावर १४९ चा तुकडा ठळक उमटतो. अनुभवी विश्लेषक १४९ दिसला की आधी बाटलीची चौकशी करतो. उलट काही औषधे प्लास्टिकला चिकटून पाण्यातून नाहीशी होतात.

बरोबर नमुना असा. मोटर चालू करून पाणी वाहू द्यायचे, तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत. बोअरमध्ये साठलेले पाणी साधारण तीनदा बाहेर पडले पाहिजे. कीडनाशकांसाठी एक लिटरची तपकिरी काचेची बाटली, झाकणाला आतून टेफ्लॉन. उडणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलिलिटरची कुपी, काठोकाठ, पाणी फुगून वर आल्यावर झाकण लावायचे आणि उलटी करून बोटाने टिचकी मारायची. आत मुगाएवढा बुडबुडा दिसला तरी ती कुपी टाकून दुसरी घ्यायची, कारण बेंझीन पाणी सोडून त्या बुडबुड्यात जाऊन बसते. जवळ डिझेल इंजिन चालू नको, हाताला डास पळवणारे मलम नको. सोबत प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याची एक बाटली शेतात नेऊन, उघडून, परत आणायची. तिच्यात काही सापडले तर दोष विहिरीचा नाही. सगळे बर्फात, चार अंशांच्या आसपास, आणि सात दिवसांच्या आत निष्कर्षण. प्रयोगशाळेतही नमुन्यात माहीत असलेल्या मात्रेचे एखादे रसायन आधी घालून ते किती परत मिळते हे पाहतात. साधारण ७० ते १३० टक्के मिळाले तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. रिपोर्टवर ‘आढळले नाही’ एवढेच असेल तर प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारायच्या: कोणकोणते शोधले, आणि किमान किती असते तर दिसले असते?

सोसायट्यांच्या बोअरला वेगळी यादी लागते. शेजारी पेट्रोल पंप किंवा गॅरेज असेल तर बेंझीन, टोल्युइन, झायलीन. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या उताराला क्लोरीनयुक्त द्रावके. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, तिथल्या विहिरींना खनिज तेलाचे घटक. पेट्रोल पाण्यावर तरंगते, ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड असल्याने भेगेतून थेट तळ गाठते, म्हणून एकाच ठिकाणी विहिरीचा आणि खोल बोअरचा नमुना वेगळा घ्यावा लागतो. सार्वजनिक विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते, त्यातल्या क्लोरीनचा पालापाचोळ्याशी संयोग होऊन थोडा क्लोरोफॉर्म तयार होतो. मानकात त्याला लिटरला २०० मायक्रोग्रॅम जागा आहे. म्हणून टीसीएल थांबवायची गरज नाही. गॅस्ट्रोची साथ त्यापेक्षा कितीतरी घातक. विहिरीचा गाळ आणि पाला काढावा.

जीसी-एमएसच्याही मर्यादा आहेत. जे रसायन न विघटता वाफ होऊ शकत नाही ते यात येत नाही: ग्लायफोसेट, इमिडाक्लोप्रिड, कार्बेंडाझिम, ते २०१० चे सीसीसी, आणि मूळ औषधापासून मातीत तयार होणारी, पाण्यात जास्त विरघळणारी बरीच विघटनजन्य रसायने. त्यांना द्रव क्रोमॅटोग्राफीची जोड, म्हणजे एलसी-एमएस लागते. द्राक्षाच्या प्रयोगशाळांत दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी चालतात. पाण्यासाठी एकच लावायचे आणि सगळे तपासले म्हणायचे, हे कोणी मान्य करू नये.

यादी कुठून आणायची, याचे उत्तर बागायतदाराच्या घरात आहे. निर्यातीच्या प्लॉटसाठी फवारणीची वही ठेवावीच लागते: तारीख, औषध, प्रमाण. त्या वहीतली नावे, त्यांपैकी झिरपणारी कोणती हे गुस्टाफसनच्या चाळणीने वर घेतलेली, सोबत आयएस १०५०० ची जुनी नावे, अशी तालुक्याची यादी एका बैठकीत तयार होऊ शकते. प्लॉट नोंदलेला आहे, प्रयोगशाळेचा माणूस द्राक्षाचा नमुना घ्यायला बागेत येतोच. त्याच फेरीत विहिरीच्या दोन बाटल्या भरून न्याव्यात. मात्र ती फेरी काढणीच्या तोंडावर, जानेवारी-फेब्रुवारीत असते. बेसाल्टच्या विहिरीसाठी आणखी दोन वेळा हव्यात, एक पहिल्या मोठ्या पावसानंतर जून-जुलैत आणि एक छाटणीनंतरच्या फवारण्या जोरात असताना नोव्हेंबरमध्ये. खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. भूजल यंत्रणेने निवडक विहिरी घ्याव्यात, द्राक्ष बागायतदार संघाने नमुन्यांची सोय करावी, आणि गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना नमुना घेण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. आणि निकालाची वाट न पाहता एक काम आजच करता येते: टाकी भरायची जागा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला न्यायची, पाइपला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लावायचा, आणि ब्लोअर धुतलेले पाणी विहिरीकडे न जाता बागेतच पसरेल असे पाहायचे.